पडद्याकडे पाठ

चाचा बुधवारी सकाळी वारले. त्या वेळी त्यांच्या चपला आमच्या वाचनालयाच्या कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होतं आणि चावी माझ्याकडे होती.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पुरुषमंडळी कबरस्तानात गेली होती. चाचांची थोरली बहीण, जिला सगळं बोर्ली गाव आपा म्हणतं, ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ बसवून घेत ती म्हणाली, "बाई, त्याच्या चपला मिळत नाहीत. घरभर शोधल्या. रविवारपासून हा अनवाणीच होता की काय?"

मी सांगितलं, चपला माझ्याकडे आहेत.

आपाने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हो म्हटलं नव्हतं त्याने?"

"नाही."

"मग राहू देत तिथेच."

आपाला हे समजावून सांगावं लागलं नाही. इतरांना सांगावं लागतं.

बोर्ली पंचतनच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे पूर्वी जुने दिवाळी अंक आणि पाली राहत. चाचा मुंबईहून कायमचे गावी परतले, तेव्हा त्यांनी ती खोली मागून घेतली. मुंबईच्या एका साप्ताहिकात ते आयुष्यभर सिनेमावर लिहीत होते. घरातले बाकीचे सगळे पुरुष आखातात गेले. चाचा दादरला गेले आणि काळोखात बसून राहिले, असं आपा म्हणत असे. त्यांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "पटकथा चांगली होती, पण शेवट आधीच कळत होता."

असं ते प्रत्येक गोष्टीबद्दल बोलत. परीक्षण ही त्यांची नोकरी नव्हती, ती त्यांची प्रकृती होती. लग्नाच्या जेवणावळीतून हात धुऊन उठताना ते यजमानाला सांगत, "मध्यंतरापर्यंत उत्तम. नंतर बिर्याणी घसरली." श्रीवर्धनहून येणाऱ्या एसटीबद्दल त्यांचं मत होतं, की प्रवास चांगला आहे, पण वळणं कथेच्या गरजेपेक्षा जास्त आहेत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कथानक ओळखीचं आहे. सादरीकरणात काही नवं करता येईल का?" डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. चाचांनी ते सादरीकरण नापसंत केलं.

दर हिवाळ्यात सिनेमाच्या पुरस्कारांचे दिवस आले, की चाचांना घरात चैन पडत नसे. मोठे पुरस्कार मोठ्या सिनेमांना मिळायचे, ते त्यांना मंजूर होतं. पण त्याच दिवसांत चार पैसे जमवून कुणीतरी केलेले, थिएटरात आठवडाभरही न टिकलेले, कुणाच्या तरी पोटात दुखेल असे सिनेमे येत आणि जात. त्यांच्यावर भांडायला कुणी नाही, याचं चाचांना वाईट वाटे. "सिनेमाला शिवी मिळाली तरी चालते," ते म्हणत, "पण त्याच्यावर कुणी भांडलंच नाही, तर तो जन्मला कशाला?"

म्हणून आमचा पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार म्हणजे एक नारळ. तो चाचांच्या वाडीतला असे. हरिहरेश्वरला खानावळ चालवणाऱ्या वहिनी त्याला हळदकुंकू लावत, आणि मी तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून दिग्दर्शकाला पाठवत असे. पहिल्या वर्षी सोबत चिठ्ठी घालायची आम्हाला सुचलं नाही. ज्याला नारळ गेला त्या मुलाच्या सिनेमावर आधीच बरंच काहूर उठलेलं होतं. खोक्यावरचा नंबर बघून त्याने मला फोन केला. आवाज बारीक झाला होता. "मॅडम, ही धमकी आहे का?" मी म्हटलं, नाही, सन्मान आहे. तो म्हणाला, "मग कुंकू कशाला?"

परीक्षक आम्ही पाचजण. चाचा, डॉक्टरीणबाई, वहिनी, मी आणि हेडसर. हेडसर म्हणजे इथल्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. चाचांना न आवडलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आवडे आणि उलट. पडद्यासाठी कापड पाहिजे होतं, तेव्हा हेडसरांनी आपली दोन कोरी धोतरं दिली. ती मी जोडून शिवली. "माझ्या धोतरावर अभद्र काही दाखवायचं नाही," अशी त्यांची अट होती. चाचा म्हणाले, "हेडसर, धोतर धुता येतं."

चपलांचा नियम कुणाचा, यावर ते दोघं भांडत. आमच्याकडे गावकीत हात वर करून मतं मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, आणि एकट्याचाही नकार असला तर तो ऐकून घ्यायचा. हेडसर म्हणत, आमच्याही पुरस्काराला तोच कायदा. चाचा म्हणत, हा कायदा आमच्या जमातीचा, तुम्ही उचलला. बैठकीत येताना चपला कपाटात ठेवायच्या, कपाटाला कुलूप लावायचं आणि एकमत झाल्यावरच ते उघडायचं. ही पुढची भर मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, गावकीतही नव्हती आणि जमातीतही नव्हती. ती त्या दोघांनी भांडताभांडता तिथेच तयार केली. ज्याला घाई असेल त्याने खुशाल जावं, पण अनवाणी. वहिनी एकदा तशा गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तळपायात काटा घेऊन आल्या. "एकमत हाय माझं," त्या जिन्यातूनच ओरडल्या, "कशाला बी हाय. आधी चपला द्या."

पण चाचांचं सगळ्यात विचित्र होतं ते बसणं. सिनेमा सुरू झाला, की ते पडद्याच्या कडेला स्टूल टाकून बसत, पडद्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून. तोंडात वेलदोडा. आम्ही सिनेमा बघायचो आणि ते आम्हाला बघायचे. पहिल्यांदा मला इतका संकोच वाटला, की मी पूर्ण सिनेमाभर पदर सारखा करत राहिले. नंतर चर्चेत ते म्हणाले, "मध्यंतरापर्यंत बाईंनी अकरा वेळा पदर सारखा केला. सिनेमात दम नाही."

"अहो, तुम्ही बघत होता म्हणून केला!"

"दमदार सिनेमा असता तर मी दिसलोच नसतो."

हेडसर चिडत. "न बघता परीक्षण करणारे हे एकमेव समीक्षक!"

"दोनदा बघून आलोय घरून," चाचा म्हणत. "पडद्यावर काय आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्यात किती उतरतं, ते बघायचंय. सिनेमा खुर्चीत असतो हेडसर, धोतरावर नसतो."

आणि त्यांना दिसे ते खरं असे. डॉक्टरीणबाई कुठे घड्याळ बघायच्या थांबल्या, वहिनींचा शेंगदाण्यांवरचा हात कुठल्या दृश्याला अधांतरी राहिला, हे ते अचूक सांगत. वहिनींचा हात राहिला, म्हणजे सिनेमा अर्धा जिंकला.

मग हेडसरांच्या मुलीचा सिनेमा आला.

ती मुंबईत राहते. जाहिराती करून पोट भरते आणि उरलेल्या पैशांत सिनेमा करते. हा तिचा पहिला मोठा. कोकणातल्या एका घरातली साठीची बाई एक दिवस नवऱ्याशी बोलायचं थांबवते, एवढीच गोष्ट. त्यात एक दृश्य होतं. पहाटे ती बाई मागल्या दारी न्हाणीच्या दगडावर आंघोळ करते. कॅमेरा मागे आहे. तिची उघडी पाठ दिसते आणि बराच वेळ दिसत राहते. एवढ्यावरून वर्तमानपत्रांत दोन तट पडले. एकाने लिहिलं धाडसी, दुसऱ्याने लिहिलं अश्लील, तिसऱ्याने दोघांनाही झोडपलं. पुरस्कारांच्या यादीत नाव आलं तसा वाद वाढला. इकडे बातमी बोर्लीहून निघाली तेव्हा त्या बाईची पाठ उघडी होती. म्हसळ्याला पोहोचेपर्यंत सिनेमात कुणाच्याच अंगावर काही उरलं नव्हतं.

हेडसरांनी पेपर बंद केला. मुलीचा फोन घेणं त्यांनी आधीच बंद केलं होतं, दोन वर्षांपूर्वी सिनेमाची पहिली झलक आली तेव्हापासून. कारण त्यांनी फक्त एकदा सांगितलं, मला, पुस्तक बदलताना. त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वी वारली होती. ती पहाटे मागल्या दारी आंघोळ करत असे. "आईची पाठ जगाला दाखवली तिने," ते म्हणाले, आणि बदलायला आणलेलंच पुस्तक परत घेऊन गेले.

चाचांनी तो सिनेमा आमच्या यादीत घातला. हेडसर उभे राहिले. "माझा नकार आहे. न बघता."

"न बघता नकार देता येत नाही," चाचा म्हणाले.

"तुम्ही न बघता परीक्षण करता!"

"मग तुम्हीही तसंच करा. माझ्याशेजारी बसा. पाठ करून."

हे चाचांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं, की ठरवून, हे मला आजही सांगता येत नाही. पण रविवारी दुपारी खिडक्यांना निळी ताडपत्री लावून आम्ही बसलो, तेव्हा पडद्याच्या कडेला दोन स्टुलं होती. एकावर चाचा वेलदोडा चघळत. दुसऱ्यावर हेडसर, हाताची घडी घालून, वर्गावर लक्ष ठेवावं तसे. त्यांच्या मागे त्यांच्याच धोतरांवर त्यांच्या मुलीचा सिनेमा सुरू झाला.

मी आयुष्यात इतकी अवघडून कुठला सिनेमा पाहिला नाही. पडद्याकडे बघावं तर तिथे ती बाई, आणि नजर जरा ढळली तर हेडसर. वहिनींनी शेंगदाण्यांची पुडी उघडलीच नव्हती. ती आंघोळ सुरू झाली. तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज, दगडावर पाणी पडल्याचा आवाज. बाकी काही नाही. हेडसर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते.

आणि मग त्या पाण्याच्या आवाजात, घराच्या आतून, कुणीतरी चूळ भरली. लांबलचक, चढत जाणारी, वर गेल्यावर तिथे थोडी थांबणारी आणि मग दोनदा खाकरून संपणारी.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. ही चूळ गावात सगळ्यांना ओळखीची होती. शाळेच्या सहलींना गेलेल्या कित्येक पिढ्या तिने जाग्या झाल्या होत्या.

"ही माझी चूळ आहे!" हेडसर म्हणाले.

"शांत," चाचा म्हणाले.

"अहो, माझी चूळ आहे! हिने कधी भरून... म्हणजे, हिने कधी घेतली?" आणि ते वळले.

वळले ते वळलेच. स्टुलावर उलटे, मान वर करून, पडद्याच्या इतके जवळ की त्यांना चित्र धड दिसतही नसावं. पाठमोरी बाई तांब्या ठेवून थांबली होती. आतून चूळ पुन्हा ऐकू आली आणि तिचे खांदे हलले. ती हसत होती. नवऱ्याशी अबोला धरलेली ती बाई, कुणी बघत नाही असं समजून, त्याच्या चुळीला हसत होती. त्यासाठीच ती पाठ इतका वेळ दाखवली होती. आम्हा पाचांपैकी हे आधीपासून फक्त चाचांना ठाऊक होतं.

सिनेमा संपला. मी ताडपत्री काढली.

"नारळ द्यायचा," वहिनी म्हणाल्या. "माझा हात पुडीपर्यंत गेलाच न्हाय."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. मी हो म्हटलं. हेडसर स्टुलावर तसेच बसले होते. ते म्हणाले, "परवानगी न घेता माणसाची चूळ वापरणं योग्य नाही. ही माझी हरकत नोंदवून... माझंही हो."

मग सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी वेलदोड्याचं साल काढून रुमालात ठेवलं.

"सिनेमा बरा आहे," ते म्हणाले. "नारळ नाही."

हेडसर ताडकन उठले. "का नाही?"

"शेवट. अबोला धरलेली बाई शेवटच्या दृश्यात येते आणि नवऱ्याला भात वाढते. का वाढते?"

"वाढायचीच ती! कितीही भांडण झालं तरी वाढायची!"

"ते तुम्हाला ठाऊक. सिनेमाला ठाऊक नाही."

"पाठ करून बसलात आणि शेवटावर बोलता?"

"मी ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत बसलो. तुम्ही मध्येच फुटलात."

तास गेला. ज्या माणसाने तो सिनेमा न बघण्याची शपथ घेतली होती, तो आता त्याची वकिली करत होता. टेबलावर बोट आपटून तो सांगत होता, की चांगली कलाकृती सगळं फोडून सांगत नसते. हे वाक्य इतकी वर्षं चाचा त्यांना ऐकवत आले होते. चाचा शांतपणे म्हणाले, "फोडून सांगू नये. पण करणाऱ्याला तरी ठाऊक हवं. तिला विचारा."

"कुणाला?"

"जिने केला तिला."

हेडसरांनी आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. दोन वर्षांनी मुलीशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, ती शेवटी भात का वाढते?"

पलीकडून 'कोण?' असं आलं असावं.

"मीच बोलतोय. हो. भात, भात! शेवटी... नाही, मी विचारत नाही, इथले एक समीक्षक विचारतात. त्यांना समजत नाही... पाहिला. आज... म्हणजे पाठमोरा. अर्धा... नाही, रागावलो नाही. तू आधी भाताचं सांग."

मग ते फक्त ऐकत होते. ऐकताऐकता खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. चाचांनी मान खाली घातली. त्यांनी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलेलं मी ती एकच वेळ पाहिली.

फोन ठेवून हेडसर वळले. आवाज नीट व्हायला त्यांना खाकरावं लागलं, दोनदा.

"ती म्हणते, भूक त्याला लागलेली नव्हती. बाईला लागली होती. आणि एकटीने जेवायची तिला सवय नव्हती. म्हणून दोन ताटं."

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वा खरंच," चाचा म्हणाले. "पण हे फोनवर आलं, पडद्यावर नाही. बाईच्या ताटात भात दिसतच नाही. माझा नकार आहे."

"माणूस आहात की दगड?" हेडसर ओरडले, आणि मला वाटतं त्या खोलीत त्या क्षणी त्यांच्याइतकं खूश कुणी नव्हतं.

नियमाप्रमाणे बैठक तहकूब झाली आणि आम्ही पाचहीजण अनवाणी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुन्हा बसलो. हेडसर मुलीशी रात्री पुन्हा बोलून तयारीने आले होते. चाचा बधले नाहीत. अंधार पडायच्या आत डॉक्टरीणबाईंना दवाखाना उघडायचा होता, वहिनींची हरिहरेश्वरची गाडी होती. चाचाच उठले. "माझ्यामुळे तुम्ही आजही कशाला अनवाणी? चौघांचं एकमत आहे, तुमच्या घ्या. माझ्या राहू देत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग कधी म्हणणार?" हेडसरांनी विचारलं.

"पुन्हा एकदा बघतो. भाताचं ताट बघतो." जिन्यात थांबून ते म्हणाले, "हेडसर, चूळ मात्र उत्तम. त्या चुळीला वेगळा पुरस्कार पाहिजे."

खिडकीतून मी त्यांना जाताना पाहिलं. रस्त्यावरची खडी टाळत, पाय उचलून टाकत, एका हाताने लुंगी धरून. मशिदीच्या वळणावर कुणीतरी त्यांना काही विचारलं. ते थांबून बराच वेळ हातवारे करून सांगत होते. शेवटाबद्दलच असावं.

पुढचं मी आधीच लिहिलं आहे.

कबरस्तानातून परत येताना हेडसर वाचनालयात आले. खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेवट लांबवला नाही हो. एवढ्या बाबतीत त्यांना दाद दिली पाहिजे."

त्यांच्या मुलीला मोठ्या पुरस्कारांपैकी कुठलाच मिळाला नाही. आमचा नारळ पाठवून द्यावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वहिनीही म्हणाल्या. हेडसरांनी नकार दिला. "एकमत झालेलं नाही," ते म्हणाले. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, बरोबर आहे, बाबा. ते दोघं दर रविवारी बोलतात. बरंचसं भांडतात. ती आता म्हणते, चाचांचं बरोबर होतं, बाईच्या ताटातला भात दिसायला हवा होता. हेडसर म्हणतात, मुळीच नाही. गणपतीत ती गावी आली होती. मागल्या दारी न्हाणीच्या दगडावर बसून तिने वडिलांशी तासभर वाद घातला, असं वहिनींना शेजारच्यांनी सांगितलं.

यंदाचे पुरस्कारांचे दिवस सुरू झाले आहेत. आम्ही चौघं बसतो. पडद्याच्या कडेला स्टूल असतं. त्यावर पाळीपाळीने बसून पाहिलं. आम्हाला समोर माणसं दिसतात, सिनेमा दिसत नाही.

कपाटात वरच्या फळीवर चाचांच्या चपला आहेत. शेजारी तो नारळ आहे. आतलं पाणी आटून त्याचा गोटा झाला आहे. हलवला की वाजतो.